तुझी गाडी चौदाच्या रात्रीची आहे

प्रिय ताई,
मी २० वर्षांचा आहे. परीक्षेनंतर आम्ही तीन मित्र चार दिवस डोंगरातल्या एका गावी जाणार होतो. दोघांनी ऐनवेळी हात वर केले. माझं तिकीट १५ तारखेचं आहे, रात्री १२.२० ची गाडी, सकाळी नऊला पोचते. चौदाला संध्याकाळी माझा क्लासचा शेवटचा दिवस, मग पंधराला दिवसभर आरामात बॅग भरीन. मी आजवर एकटा कुठेच राहिलेलो नाही. जायची इच्छा आहे, पण विचार केला की पोटात गोळा येतो. मुलगा असून भीती वाटते हे सांगायचीही लाज वाटते. मित्र येत नाहीत हे घरी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर पाठवणार नाहीत. म्हणून तिघं जातोय असंच चालू ठेवावं असा विचार आहे. एकट्याने जेवायला बसणं, रात्री परक्या खोलीत झोपणं, जमेल का? एक दिवस डोंगरावरची पायवाट चढून यायचाही बेत आहे. काय करू?
– पहिल्यांदाच निघालेला

प्रिय पहिल्यांदाच निघालेल्या,

बाकी सगळं नंतर. आधी तिकीट काढून समोर ठेव. रात्री १२.२० म्हणजे तिकिटावर ००:२० असणार, आणि तारीख १५. आता बघ, रात्री बाराला तारीख पालटते. म्हणजे चौदाला रात्री जेवून घरातून निघालास तरच ही गाडी मिळेल. पंधराला दिवसभर आरामात बॅग भरून रात्री अकराला स्टेशनवर उभा राहिलास, तर तुझी गाडी सुटून बावीस-तेवीस तास झालेले असतील आणि तुझ्या जागेवर कुणीतरी झोप काढून उतरूनही गेलेलं असेल.

सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं हे नव्हतं, म्हणून एवढी ओळ तुला पत्र वाचल्या वाचल्याच कळवली. इथे पुन्हा लिहिते आहे, कारण तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला या एका चुकीतच दिसली. चूक बावळटपणाची नाही. वर्षानुवर्षं प्रवास करणारी माणसंही मध्यरात्रीच्या गाडीला फसतात. पण तुम्ही तिघं जाणार असता तर काय झालं असतं? चौदाला संध्याकाळी तिघांपैकी कुणीतरी मोबाइलवर तिकीट उघडलं असतं आणि ओरडला असता, ‘अरे, ही तर आज रात्रीची आहे!’ थोडी धावपळ झाली असती, एकमेकांना शिव्या घातल्या असत्या, आणि गाडी मिळाली असती.

एकट्याच्या प्रवासात नेमकं हेच नसतं. लोकांना वाटतं एकट्याने जायला धाडस लागतं. मला नाही वाटत. धाडस अंगात असलं तरी ००:२० चा अर्थ बदलत नाही. सोबत्यांबरोबर असताना आपल्यावर एक दुसरी नजर असते, आणि ती आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की ती आहे हेच कळत नाही. आपण हात धुवायला गेलो की बॅगेकडे कुणी बघत असतं. उतरायचं ठिकाण आलं की कुणी हलवून उठवतं. तापाने डोळे लाल झाले की ‘बरं नाही का रे?’ विचारतं. एखाद्या गोडबोल्याच्या मागे निघालो की कोपराने ढोसतं. ही सगळी कामं आता तुला आधी आठवून, एकेक करून, कुठेतरी सोपवून जायची आहेत. काही स्वतःवर, काही कागदावर, काही घरच्यांवर, काही अनोळखी माणसांवर.

म्हणूनच घरी खोटं सांगायचा तुझा बेत मला मुळीच पसंत नाही. नीतीचा धडा द्यायला मी बसलेली नाही. तुझ्या वयात मीही घरी बऱ्याच गोष्टी अर्ध्याच सांगायचे. माझा आक्षेप अगदी व्यवहाराचा आहे. मित्र गळाले, आता तुझ्यावर लक्ष ठेवू शकेल अशी एकच पक्की नजर उरली आहे, घरच्यांची. आणि निघण्याआधी तू तीच झाकतो आहेस. तिघं गेलेत म्हटल्यावर आई रात्री फोन लागला नाही तरी निवांत झोपेल, ‘असतील गप्पा मारत’ म्हणून. तुझा पाय मुरगळला तर फोन उचलण्याआधी तू गोष्ट जुळवत बसशील, की मग मित्र कुठे होते, त्यांनी दवाखान्यात का नेलं नाही. आणि तिसऱ्या दिवशी त्या दोघांतला एक रस्त्यात तुझ्या वडिलांसमोर उभा राहील. असले योग हमखास जुळून येतात.

तेव्हा सांग, आणि आजच सांग. निघायच्या तासभर आधी सांगणं हेही एक प्रकारचं खोटंच. ‘मी एकटा गेलो तर चालेल का?’ असा मोघम प्रश्न टाकू नकोस. त्याला ‘नाही’ एवढंच उत्तर असतं. समोर कागद ठेव. त्यावर जातानाच्या आणि येतानाच्या गाडीची वेळ, राहण्याच्या ठिकाणाचा पत्ता आणि फोन, कोणत्या दिवशी काय करणार याच्या चार ओळी. मग म्हण, ‘ते दोघं येत नाहीत. मला तरी जायचंय. हा सगळा बेत. तुम्हाला कशाची काळजी वाटते ते सांगा, त्यावर काय करता येईल ते बघू.’ काळजी म्हणजे नुसता धुरळा असतो. तिला प्रश्नाचं रूप आलं की तिच्याशी बोलता येतं. वडील विचारतील, पैसे चोरीला गेले तर? आई विचारेल, आजारी पडलास तर? यांची उत्तरं तुझ्याकडे असली पाहिजेत, आणि नसतील तर ते विचारतायत ते बरोबरच आहे.

फोनचं आधीच ठरवून घ्या. सारखे फोन नकोत, पण एक वेळ पक्की. समज, रात्री नऊ. नऊला तुझा निरोप जाणार, दोन शब्दांचा का असेना. आला नाही तर साडेदहापर्यंत थांबायचं, कारण बॅटरी संपते, रेंज जाते, माणूस विसरतो. साडेदहानंतर राहण्याच्या ठिकाणी फोन करायचा. हे शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं आहे. निरोप आला नाही तर पुढे काय, हे ठरलेलं नसतं म्हणून घरचे पहिल्या अर्ध्या तासातच हवालदिल होतात आणि मग दर दोन तासांनी फोन करायला लागतात.

तरीही नाहीच म्हणाले तर? २० व्या वर्षी तू सज्ञान आहेस, पण पैसे त्यांचे असतील तर त्यांच्या शब्दाला वजन आहेच. तडजोड सुचव: चाराऐवजी दोन दिवस, किंवा डोंगर चढायचा बेत रद्द. तेही जमलं नाही आणि तू जायचंच ठरवलंस, तर त्यांची नाराजी अंगावर घेऊन, सांगून जा. भांडून गेलेला मुलगा रात्री नऊला फोन करू शकतो. फसवून गेलेल्याला ते अवघड जातं.

आता भीतीचं. ‘मुलगा असून’ हे दोन शब्द तू लिहिलेस ते मी दोनदा वाचले. इब्न बतूताचं नाव तू इतिहासात वाचलं असशील. १३२५ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, मोरोक्कोतल्या टँजियरहून तो यात्रेला एकटाच निघाला. वाटेत तापाने फणफणला, तेव्हा पडू नये म्हणून त्याने फेट्याच्या कापडाने स्वतःला खोगिराला बांधून घेतलं. पुढे तो एका तांड्याबरोबर ट्यूनिसला पोचला. गावकरी सामोरे आले, प्रत्येकाला कुणी ना कुणी येऊन भेटलं, चौकशी केली. याच्याकडे कुणीच आलं नाही, कारण त्या गावात याला ओळखणारं कुणी नव्हतं. तो तिथेच रडायला लागला. बरोबरच्या एका यात्रेकरूच्या ते लक्षात आलं, तो जवळ येऊन बोलत राहिला, तेव्हा कुठे याचे डोळे थांबले. हा माणूस पुढे जवळजवळ तीस वर्षं फिरत होता, पार भारत-चीनपर्यंत. आणि म्हातारपणाकडे झुकल्यावर आठवणी सांगताना त्याने ट्यूनिसचं ते रडणं गाळलं नाही.

त्याला रडू कुठे आलं ते बघ. निघताना वाईट वाटलंच होतं, पण बांध फुटला तो पोचल्यावर. तुझंही बहुधा तसंच होईल. गाडीत बसेपर्यंत पोटातला गोळा असेल, गाडी हलली की तो विरघळेल, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला, सगळं सुरळीत चालू असताना, एकदम वाटेल, मी इथे कशाला आलो? दुपारची ती वेळ फार वाईट. करायला काही नसतं, बोलायला कुणी नसतं, अंधार पडायला अवकाश असतो. तेव्हा परतीचं तिकीट बदलायचा निर्णय घेऊ नकोस. आंघोळ कर, कपडे बदल, बाहेर पडून तासभर चाल. निर्णय जेवणानंतर घे. जेवूनही परत यावंसं वाटलं तर ये, त्यात हरणं-जिंकणं काही नाही. पण उपाशीपोटी नको.

पहिल्या रात्री झोप लागणार नाही हे आत्ताच गृहीत धर. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली प्रयोग करून दाखवलं, की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा कमी गाढ झोपतो आणि बारीकसारीक आवाजाला जास्त दाद देतो. तीच माणसं पुन्हा तिथे झोपायला आली तेव्हा हा फरक राहिला नाही. थोडक्यात, मेंदूचा एक भाग पहारा देतो. दुसरी नजर नाही म्हटल्यावर शरीर स्वतःच तिची व्यवस्था करतं म्हण ना. तेव्हा रात्री दोनला टक्क जागा असशील तर ‘मला हे जमत नाही’ असा अर्थ काढू नकोस. दाराची कडी एकदा तपास, दुसऱ्यांदा तपासायला उठू नकोस. आणि पायवाटेचा बेत दुसऱ्या दिवसाचा असेल तर तिसऱ्यावर ढकल. अर्धवट झोपेत डोंगर नको.

सकाळी नऊला पोचणारी गाडी निवडलीस हे मात्र फार बरं केलंस, कळत असो वा नकळत. परक्या गावी पहिल्यांदा पोचायचं ते उजेडात. हे मी शिकले ते फुकट नाही. तेवीस वर्षांची होते, एका कामासाठी पहिल्यांदाच एकटी निघाले होते. गाडी संध्याकाळी सातला पोचायची, ती पोचली रात्री साडेअकराला. राहायची सोय केली होती तिथलं फाटक बंद. कडी वाजवली, हाका मारल्या. वरच्या मजल्यावर एक दिवा लागला आणि विझला. परत स्टेशनवर आले. प्रतीक्षालयात एक बाई झाडत होती. तिने मला काही म्हणजे काही विचारलं नाही. झाडत झाडत माझ्या बाकापाशी आली, बाकाचं एक टोक धरलं आणि मानेनेच मला दुसरं धरायची खूण केली. आम्ही दोघींनी तो बाक दारातल्या वाऱ्यातून उचलून तिकीट खिडकीच्या दिव्याखाली नेला. मग ती पुन्हा झाडायला लागली. उजाडेपर्यंत तासा-दीड तासाने ती तिथून एक फेरी मारत होती, माझ्याकडे न बघता.

त्या रात्रीनंतर मी दोन गोष्टी कायमच्या करते. गाडीला उशीर होतोय असं दिसलं की राहण्याच्या ठिकाणी फोन करून सांगते, फाटक कधी बंद होतं ते विचारते. आणि पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवते. तुमच्या पिढीला कागद म्हटलं की हसू येतं, पण मोबाइल बंद पडला की तुझं तिकीट, नकाशा, पैसे, पत्ता आणि आईचा नंबर, पाचही गोष्टी एकदम बंद पडतात. आईचा नंबर तुला पाठ आहे का? खरं सांग.

मोबाइलच्याच ओघात. २००५ साली ब्रिटनमधल्या रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या एका माणसाने सुचवलं, की प्रत्येकाने आपल्या फोनमध्ये ‘आयसीई’ (‘इन केस ऑफ इमर्जन्सी’, म्हणजे आणीबाणीत) या नावाने जवळच्या माणसाचा नंबर ठेवावा, म्हणजे बेशुद्ध माणसाच्या घरी कळवता येईल. आता फोन कुलूपबंद असतात, म्हणून बहुतेक फोनमध्ये कुलूप न उघडता दिसेल अशी आपत्कालीन माहिती भरायची सोय असते. रक्तगट, ॲलर्जी, दोन नंबर. पाच मिनिटांचं काम, आणि शंभरातल्या नव्वद जणांनी केलेलं नसतं असा माझा अंदाज. मदतीचा क्रमांक आपल्याकडे ११२ आहे. युरोपीय संघातही तोच आहे आणि इतरही अनेक देशांत चालतो. उद्या परदेशी गेलास तर तिथला क्रमांक निघण्यापूर्वी बघून ठेव.

पैसे आणि कार्ड एकाच पाकिटात नकोत. थोडे वेगळे, बॅगेच्या अशा कप्प्यात, जिथे तू स्वतःही दोनदा शोधशील. गाडीत झोपताना बॅगेचा पट्टा पायात किंवा हातात अडकवून. उतरायच्या अर्धा तास आधीचा गजर, आणि आपल्या आधीच्या स्टेशनचं नाव लक्षात. उठताना वस्तू मोजायच्या, तोंडाने: बॅग एक, फोन दोन, पाकीट तीन. लोक बघतील. बघू देत. मी अजूनही पुटपुटते.

अनोळखी माणसांबद्दल तू काही विचारलेलं नाहीस, पण यावर मला थोडं थांबायचंय. मुलग्यांना याची शिकवण कुणी देत नाही, मुलींना नको तितकी देतात. माझा ठोकताळा असा. मदत हवी असेल तर माणूस आपण निवडावा. गर्दीतून तू जो कुणी निवडशील, दुकानातली बाई, मुलाला कडेवर घेतलेला बाप, गणवेशातला कर्मचारी, तो बहुधा सज्जनच निघेल, कारण बहुतेक माणसं सज्जन असतात. पण ज्याने तुला निवडलंय, जो आपणहून चिकटलाय, त्याच्याबद्दल हा हिशेब लागू होत नाही. त्याने तुला का निवडलं हे तुला माहीत नसतं. तोही चांगला असू शकतो, खूपदा असतोच. कसा ओळखायचा? घाई बघ. ‘आत्ताच चल’, ‘हे शेवटचंच आहे’, ‘एवढा काय विचार करतोस’. चांगल्या माणसाला तू दहा मिनिटं विचार केलास तर काही फरक पडत नाही. ज्याला फरक पडतो त्याला ‘नको’ म्हण आणि कारण देऊ नकोस. कारण दिलं की तो कारणाशी वाद घालतो. ‘नको’शी कसा घालणार?

एकटा आलायस का, हा प्रश्न दिवसातून चार वेळा ऐकशील. बहुतेक जण कौतुकाने विचारतात. उत्तर देणं बंधनकारक नाही. ‘घरचे येतायत संध्याकाळी’ म्हणालास तर मी त्याला खोटं धरणार नाही. हो, वर मी खोट्यावर एवढं बोलले, पण आईला फसवणं आणि गाडीतल्या माणसाला आपला मुक्काम न सांगणं यांना एका तागडीत घालू नकोस.

राहण्यासाठी अजून ठिकाण ठरलं नसेल तर पर्यटकांचं वसतिगृह बघ, सहा-आठ खाटांच्या खोलीचं. कल्पना जुनी आहे. १९०९ साली रिचर्ड शिर्मान नावाचे जर्मन शिक्षक शाळेतल्या मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले असताना वादळी पावसात अडकले आणि रात्र एका गावातल्या शाळेत काढावी लागली. तिथे त्यांच्या मनात आलं, की सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा मुलांच्या मुक्कामाला का देऊ नयेत? पुढे आल्टेनाच्या किल्ल्यात त्यांनी कायमचं वसतिगृह सुरू केलं, ते आजही आहे. तुझ्यासारख्याला त्याचा फायदा असा, की सकाळी तू उठला नाहीस तर शेजारच्या खाटेवरच्याला ते कळतं. घोरणारा भेटला तर मात्र नशीब. कानात घालायचे बोळे ने.

एकट्याने जेवायचं ते फारसं अवघड नाही, फक्त पहिल्यांदा विचित्र वाटतं. गर्दीच्या वेळेच्या अर्धा तास आधी जा, भिंतीला पाठ करून बस. पहिल्या दिवशी मान खाली घालून दहा मिनिटांत उरकशील. चौथ्या दिवशी आजूबाजूच्या टेबलांवरची भांडणं ऐकायला लागशील, आणि ती करमणूक सोबत्याबरोबर कधी मिळत नाही. पोट बिघडलं तर ओआरएसची दोन पाकिटं बॅगेत असू देत. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ याहून जास्त नको. घोट घोट घ्यायचं. लघवी कमी झाली, ताप चढला किंवा रक्त दिसलं तर सरळ डॉक्टर.

राहिली पायवाट. तुझ्या सगळ्या बेतातली मला खरी काळजी वाटते ती हीच. गावात चुकलास तर विचारायला माणूस असतो. डोंगरावर चुकलास तर नसतो, आणि साधा मुरगळलेला पाय तिथे साधा राहत नाही. खुणा केलेली, लोकांची ये-जा असलेली वाट असेल तरच एकटा जा. नसेल तर त्या दिवशी जाणारा एखादा गट किंवा वाटाड्या गाठ. वाट कितीची आहे याचा अंदाज आधी बांध. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला नियम अजून वापरतात: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे जाऊन-येऊन दहा किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर तीन तास. पण हा नियम सवयीच्या पायांचा, न थांबता चालणाऱ्यांचा. तू थांबणार, फोटो काढणार, धापा टाकणार. पाच तास धर.

मग परत फिरायची वेळ ठरव, आणि ती शिखरावर अवलंबून ठेवू नकोस. समज, अकरा वाजता. अकराला जिथे असशील तिथून मागे, माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी. ‘आलोच आहे तर’ या तीन शब्दांनी डोंगरात जितक्यांना अंधारात अडकवलंय तितकं पावसानेही अडकवलं नसेल. निघताना राहण्याच्या ठिकाणी सांग: या वाटेने चाललोय, तीनपर्यंत येईन, पाचपर्यंत आलो नाही तर शोध घ्या. आणि आल्यावर ‘आलो’ म्हणून सांगायला विसरू नकोस, नाहीतर तू खोलीत झोपलेला आणि चार माणसं डोंगरावर तुझ्या नावाने हाका मारतायत असं व्हायचं. गळ्यात शिट्टी ठेव. डोंगरातला मदतीचा एक रूढ इशारा असा आहे: एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. ऐकणारा मिनिटाला तीन शिट्ट्यांनी उत्तर देतो. अंधारात हेच विजेरीने करायचं. ओरडून घसा बसतो, शिट्टी बसत नाही.

जमेल का, असं तू विचारलंस. मला वाटतं जमेल, कारण ज्याची भीती वाटते ते तू लिहून काढलंस, अगदी जेवायच्या टेबलापर्यंत. ज्यांना कशाचीच भीती वाटत नाही त्यांचं पत्र मला येत नाही, त्यांच्या आईचं येतं.

आणखी एक. चौदाचा क्लास किती वाजता सुटतो ते तू लिहिलेलं नाहीस. सातच्या पुढे सुटत असेल तर त्या रात्री बॅग भरायला वेळ मिळणार नाही. तेराला भरून ठेव. आणि घरच्यांना आजच सांग.

– ताई